मोठं पातेलं

म्हाताऱ्या हमालाचा जावई टोळीत येणार म्हटल्यावर गोदामातले हमाल पोट धरधरून हसले. हसणारच की! ज्या माणसानं उभा जन्म मांडीवर कापड घेऊन काज-बटणं केली, तो आता पाठीवर भरलं पोतं घेऊन थप्पीला लावलेली फळी चढणार म्हणे. त्याची मनगटं बघितली तर वाटायचं, कात्री जरा जड घेतली तरी मोडतील. टोळीनं उभ्या उभ्या त्याचं नाव ठेवून दिलं, सुई. त्यानंतर गोदामात कुणी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

त्याच्या घरात मात्र कुणाला हसू येत नव्हतं. सासऱ्याची पाठ गेली होती. हंगाम संपत आलेला, शेवटच्या गाड्या खाली होत होत्या, आणि फळीच्या टोकाला म्हाताऱ्याच्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. तरी त्यानं पोतं टाकलं नाही. थप्पीवर नीट बसवलं, फळी उतरला, जमिनीवर बसला आणि मग त्याला उठताच येईना. चौघांनी उचलून घरी आणला. डॉक्टरनं पाठ चाचपली आणि सांगितलं, यापुढे ओझं नाही. किती दिवस नाही, असं म्हाताऱ्यानं विचारलं, तर डॉक्टर म्हणाला, कधीच नाही.

आता टोळीची एक रीत होती. टोळीतली जागा माणसाची नसते, घराची असते. एक पडला तर घरातला दुसरा उभा राहायचा. पण उगाच नाही. नव्या धान्याची पहिली गाडी येईल त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यानं भरलं पोतं फळीवरून वरच्या थरापर्यंत न्यायचं. दोघं जण पोतं पाठीवर चढवून देणार, तिथून पुढे कुणाचा हात लागायचा नाही. नेलं तर जागा घराची. मधेच पोतं पडलं तर जागाही पडली, मग ती बाहेरच्याला जायची. बाहेरचे तर टपूनच बसलेले होते.

घरात माणसं चार. सासरा, सासू, त्यांची एकुलती एक लेक आणि हा जावई. त्याचं शिलाईचं दुकान होतं लांबच्या गावी, पण लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि मशीन गंजायला लागलं. लेकीला माहेरच्या गावात कोंबड्यांच्या शेडवर काम होतं, म्हणून दोघं इकडे आली. वर्ष होत आलं होतं. घरजावई म्हटलं की लोक आधी गालात हसतात आणि मग तब्येत विचारतात. जावई बिचारा दोन्हीला मान हलवायचा.

मुकादम माणूस सरळ होता. त्यानं हंगामाच्या आधीच जावयाला बोलावून घेतलं. बघू तर खरं, म्हणाला, उगाच लोकांसमोर फजिती नको. गोदामाच्या कोपऱ्यात दोघांनी एक भरलं पोतं उचललं आणि त्याच्या पाठीवर ठेवलं. जावयाचे गुडघे आधी थरथरले, मग वाकले, आणि तो पोत्यासकट असा हळूहळू खाली बसला की जणू त्याला बसायचंच होतं. पोत्याखालून त्याला ओढून काढावं लागलं. कुणीतरी म्हणालं, सुईनं पोतं शिवतात, उचलत नाहीत. मुकादमानं त्याच्या सदऱ्यावरची धूळ झटकली आणि एवढंच म्हणाला, "अजून वेळ आहे. अंग कमव."

अंग कमव! म्हणजे बाजारातून आण, असं सांगितल्यासारखं. जावई घरी आला तो मान खाली घालून. सासरा ओसरीत खाटेवर उताणा पडला होता. त्यानं काही विचारलं नाही. सदऱ्याच्या पाठीवर पोत्याची जाळी उमटली होती, ती बघून तो सगळं समजला. घरातल्या बाईमाणसांनीही विषय काढला नाही आणि त्याचंच जावयाला जास्त लागलं.

गावाच्या टोकाला एका वेल्डरची शेड होती. दिवसभर तो जाळ्या, फाटकं जोडायचा. तरुणपणी वजनं उचलायच्या स्पर्धांत उतरलेला माणूस, मान अजून खांबासारखी. शेडच्या मागं त्यानं एक जाड लोखंडी दांडा ठेवला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना अडकवायला जुन्या यंत्रांची दातेरी चाकं. संध्याकाळी काम संपलं की तो स्वतः उचलायचा, आणि कुणी आलं तर त्यालाही नाही म्हणायचा नाही. जावई तिथं जाऊन उभा राहिला. वेल्डरनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "पी हळद अन् हो गोरी, असं इथं होत नाही. रोज यावं लागेल."

रोज गेला. आधी नुसता दांडा खांद्यावर घेऊन उठाबशा. टाच उचलायची नाही, छाती पाडायची नाही, नजर समोर. मग एकेक चाक वाढत गेलं. जमिनीवरून दांडा उचलताना पाठ फळीसारखी सरळ ठेवायची आणि जोर मांड्यांनी द्यायचा, हे वेल्डर पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि जावई शिंपी असल्यामुळे त्याला ते पटकन कळायचं. सरळ रेष म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सुरुवातीचे काही आठवडे दर खेपेला थोडं जास्त उचललं जायचं. घरी येताना पाय लटपटायचे, जिना नसलेल्या घरात उंबरठासुद्धा चढण वाटायचा, तरी तो खुशीत असायचा.

मग घोडं अडलं. आज उचललं तेवढं उद्या उचलवेना. एक चाक तर काढावं लागलं. जावयानं काय केलं, जास्त मेहनत करायला लागला. सकाळीही जायला लागला. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा, फडकं गुंडाळून दांडा धरायचा. दुपारी डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. एके दिवशी विजार घालताना ती कमरेवरून सरळ खाली आली. त्यानं गळ्यातली टेप घेऊन मांडी मोजली आणि चक्रावला. एवढं लोखंड उचलून मांडी भरायच्या ऐवजी उतरली होती. त्यानं मुकाट्यानं विजार कमरेत आत घेतली.

त्याच आठवड्यात सासऱ्यानंही आपला सदरा त्याच्यापुढे टाकला होता. जरा सैल पडतोय, आत घ्या, म्हणाला. जावयानं त्याच्या खांद्यावर टेप धरली, छातीभोवती फिरवली आणि दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. मागेही एकदा घेतली होती. आजारी माणूस, वय झालेलं, उतरायचंच, असं त्याला वाटलं आणि तो ते विसरूनही गेला.

आता त्या घरातलं जेवण कसं चालायचं, ते सांगायला हवं. सासूच्या स्वयंपाकाला माप नव्हतं. तिची पद्धत साधी. रात्री पातेल्यात किती उरलं ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी टाकायचं. अन्न वाया गेलेलं तिला बिलकूल खपायचं नाही. नवरा टोळीत होता तेव्हा चुलीवर मोठं पातेलं चढायचं, आणि त्यातला निम्मा भात तो एकटा संपवायचा. पोतं उचलणाऱ्याचं जेवण ते. पाठ गेली आणि भात उरायला लागला. मग मोठं पातेलं घासूनपुसून वरच्या फळीवर पालथं पडलं आणि मधलं खाली आलं. मधल्यातही उरायला लागलं, तेव्हा लहान आलं.

उरायला का लागलं? तर म्हातारा ताटात एक डाव भात पडला की हात आडवा धरायचा. बसल्या माणसाला भूक कुठली, म्हणायचा. आणि जावई तर पहिल्यापासूनच पुरे-पुरेवाला. सासुरवाडीला ताट रिकामं करायचं नसतं, दुसऱ्यांदा मागायचं नसतं, हे त्याच्या आईनं त्याला लग्नाआधी बजावलं होतं. दोन दिवसांच्या पाहुण्याला ते ठीक आहे. पण हा राहायला आलेला! त्यात कमाई नाही. सासू डाव घेऊन वाकली की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, पुरे. पोटात कावळे ओरडत असायचे आणि हा हात धुवायला उठायचा. सासू शेजारणीला कौतुकानं सांगायची की आमच्या जावयाला खाण्याची हाव म्हणून नाही, चिमणीसारखं जेवतात.

बायको कोंबड्यांच्या शेडवरून तडकलेली अंडी आणायची. ती तिथल्या बायकांना मिळायची. नवरा वजनं उचलतो म्हणून खास आणायची. सासू अंडी उकडायची, जावयाच्या ताटात ठेवायची. जावई म्हणायचा, मामांना द्या, आजारी माणूस आहे. सासरा म्हणायचा, मला पचत नाहीत, त्यांना दे, मेहनत ते करतायत. अंडी या ताटातून त्या ताटात फिरून पुन्हा वाटीत यायची, वाटी झाकली जायची, आणि दुसऱ्या दिवशी सासू लेकीला म्हणायची, आता आणू नकोस गं, कुणी खात नाही. अशी सगळी शहाणी माणसं त्या घरात, आणि दोघं उपाशी.

एके संध्याकाळी दांडा खांद्यावर घेऊन जावई खाली बसला आणि वर येईचना. वेल्डरनं मागून दांडा धरला, चौकटीवर टेकवला आणि त्याला पाण्याच्या पिंपाजवळ बसवलं. दुपारी काय जेवलास, विचारलं. जावयानं सांगितलं. सकाळी काय, तेही सांगितलं. वेल्डरनं दांड्यावरची चाकं उतरवून ठेवली. मग म्हणाला, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तू लोखंड उचलतोस ते अंग फाडायला. भरायचं काम ताटाचं. ते तू करतच नाहीस."

मग त्यानं बोटं मोजून सांगितलं. भात दुप्पट खा. डाळ घट्ट, वाटीभर नाही, भांडंभर. अंडी, दूध, शेंगदाणे, जे घरात असेल ते. उचलायच्या आधी काहीतरी, उचलल्यावर पोटभर. आणि सकाळचं येणं बंद, झोप काढ. एवढं ऐकून जावई म्हणाला, पण मी घरजावई आहे. वेल्डर म्हणाला, पोत्याला ते माहीत नसतं.

माणसाचा स्वभाव कसा असतो बघा. घरात एक डाव भात जास्त मागायचा, तर ते सोडून हा रस्त्यावरच्या गाडीवरून भाजलेल्या शेंगा घ्यायला लागला. शेडकडे जाताना टायरांच्या ढिगामागं उभा राहून पटापट सोलून खायचा आणि टरफलं खिशात भरायचा, रस्त्यावर कुणी बघायला नको म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. शेंगांनी थोडी धुगधुगी आली, पण मुठीमुठीनं कुठं पोतं भरतं! वर चोरून खातोय ही लाज होतीच. खिसा रिकामा करायचंही एके दिवशी तो विसरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला. सासरा भिंतीला पाठ टेकवून बसला होता, बायकोला त्या दिवशी सुट्टी होती, ती पाणी ठेवत होती. सासूनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. ताटात भात नव्हता. ओल्या टरफलांचा एक ढीग होता, धुण्याच्या बादलीतून काढलेला.

 सासूचा चेहरा रागाचा नव्हता, आणि म्हणूनच जावयाला तिच्याकडे बघवेना.

"माझ्या घरात कमी पडतं तुम्हाला?" ती म्हणाली. "रस्त्यावर उभं राहून खायची पाळी यावी एवढं कमी?"

जावयानं टरफलांकडे बघितलं. नाही नाही, सहज, असं म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर होतं. बायको हंडा घेऊन तशीच उभी. बाहेर वाऱ्यानं धुळीचा लोट उठला आणि दार आपटलं. पोतं पाठीवर घेऊन खाली बसताना जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं त्याला आता वाटत होतं.

"मामी, मला भूक लागते," तो म्हणाला. "रोज लागते. पण कमावत नाही, तर मागू कुठल्या तोंडानं?"

हे वाक्य बोलून त्याचे कान तापले. सासू खाली बसली. वर्षभर तोंडानं पुरे म्हणत होतात, ती म्हणाली, आणि मी वेडी पातेलं लहान लहान करत गेले. एवढं बोलून तिनं पदरानं नाक पुसलं. चिमणीसारखं जेवतात म्हणून गावभर मिरवलेलं तिला आठवलं असावं. मग ती उठली, स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरचं मोठं पातेलं काढलं. त्यावर धूळ बसली होती आणि आत एक कोळी संसार मांडून होता. तिनं ते दारात नेऊन राखेनं खसाखसा घासलं. सगळे जण जेवायचे थांबले होते, पण ती कुणाला बस म्हणाली नाही आणि ऊठही म्हणाली नाही. भात शिजायला ठेवल्यावर ती जावयासमोर डाव घेऊन बसली.

"आजपासून या घरात पुरे मी म्हणणार," ती म्हणाली. "मी म्हणेन तेव्हा थांबायचं."

त्या दिवशी जावई जेवला ते बघण्यासारखं होतं. पहिला ढीग त्यानं भुकेनं संपवला, दुसरा लाजेनं, आणि तिसरा सासू समोर बसली होती म्हणून. नंतर पोट असं तटतटलं की भिंतीला धरून उठला. बायको तोंडावर पदर घेऊन हसली. त्यालाही हसू आलं, पण हसवतही नव्हतं.

खाणं हे सुद्धा कामच आहे, हे त्याला पुढच्या दिवसांत कळलं. आकसलेलं पोट एकदम ऐकत नाही. जबडा दुखायचा, दुपारी जीव नको व्हायचा. एका दमात जमत नाही तर तुकड्यांनी खा, वेल्डर म्हणाला. मग सासूनं दिवसच वाटून टाकला. उठल्या उठल्या अंडी आणि दूध, दुपारी भात-डाळ, शेडकडे जाताना उकडलेले बटाटे फडक्यात बांधून, आल्यावर पुन्हा पातेलं. शेंगदाणे आता घरातच भाजले जायचे आणि डब्यावर झाकण नसायचं. तडकलेली अंडी फिरायची बंद झाली. ती जावयाच्या ताटात पडायची आणि तिथेच संपायची. सासू समोर डाव घेऊन बसायची, आणि तिचं पुरे फार उशिरा यायचं.

आधी काही दिसलं नाही. मग एक दिवस काढलेलं चाक पुन्हा दांड्यावर गेलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. चेहऱ्यावर तुकतुकी आली. सदरा पाठीत ताणायला लागला, विजार मांडीत अडकायला लागली. जावयानं मशीन पुढ्यात ओढलं, आत घेतलेल्या शिवणी एकेक करून उसवल्या आणि कपडे सैल केले. आपल्याच हातानं आत घेतलेलं आपल्याच हातानं बाहेर काढताना त्याला फार बरं वाटलं. वेल्डरनं एका रिकाम्या पोत्यात वाळू भरली आणि शेडमागच्या उतारावर त्याला ते घेऊन चढ-उतर करायला लावली.

सासरा खाटेवरून हे सगळं बघायचा. आता तो काठी घेऊन दारापर्यंत चालत होता. एका संध्याकाळी जावई हातपाय धूत असताना तो आपण होऊन बोलला. "फळी मधे दबते. पोटातून दबल्यासारखं वाटतं. तिथं थांबायचं नाही, जावईबापू. थांबलात की ती तुम्हाला खाली ढकलते." एवढंच बोलून तो आत गेला. जेवताना मोठ्या पातेल्यातून त्याच्या ताटात एक डाव पडला आणि त्यानं हात आडवा धरला. सासूचं लक्ष जावयाकडे होतं.

नव्या धान्याची पहिली गाडी आली ती भर उन्हात. वारा पडलेला, गोदामाच्या पत्र्याखाली हवा तापून जड झालेली. धान्याचा वास घशात बसत होता. टोळी जमली. बाहेरचे दोघं-चौघं भिंतीला टेकून उभे होते, पोतं कधी पडतंय ते बघायला. म्हातारा घरी थांबेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो काठी टेकत टेकत आला आणि वजनकाट्याच्या कडेवर बसला. पोती ओढायचा त्याचा जुना लोखंडी आकडा अजून गोदामाच्या खिळ्याला टांगलेला होता. मुकादमानं फळी पायानं दाबून बघितली आणि जावयाकडे बघून मान हलवली.

दोघांनी पोतं उचललं आणि पाठीवर दिलं. या वेळी गुडघे थरथरले, पण वाकले नाहीत. जावयानं हात मागं घेऊन पोत्याच्या कोपऱ्यांचे कान धरले, टाचा रोवल्या आणि चालायला लागला. फळीची पहिली पट्टी पायाखाली आली. पोत्याची काथ्याची शिवण मानेला घासत होती. घाम डोळ्यांत उतरला आणि पुढचं काही दिसेना, फक्त फळीच्या आडव्या पट्ट्या, एकामागून एक. मधे आला आणि फळी दबली. ती खरंच पोटातून दबल्यासारखी वाटली, आणि त्याचा पाय थांबला.

 पोतं उजवीकडे जरासं सरकलं. भिंतीजवळचा एक जण पुढे आला. म्हातारा काठी न घेता उभा राहिला, त्याचं तोंड वेदनेनं वाकडं झालं, तरी उभा राहिला. जावयाला हे काही दिसलं नाही. त्याला वाटत होतं, झालं, बसलो. पण मांड्या बसत नव्हत्या. त्या भरलेल्या होत्या, त्यांच्यात अजून काहीतरी शिल्लक होतं. त्यानं श्वास पोटात कोंडला, पोतं खांद्यानं वर ढकललं आणि पाय उचलला. पुढचा पाय आपोआप आला. मग वरचा थर आला. त्यानं पाठ फिरवली, पोतं थप्पीवर सोडलं आणि हातानं सरळ करून बसवलं.

खाली उतरला तेव्हा टोळीत गलका चालू होता. ही कसली सुई, दाभण आहे दाभण, कुणीतरी म्हणालं, आणि पोती शिवायच्या त्या जाड सुईचं नाव त्याला त्या दिवसापासून चिकटलं. मुकादमानं खिळ्यावरचा आकडा काढून त्याच्या हातात दिला. जावई तो घेऊन सासऱ्याकडे गेला. म्हातारा पुन्हा बसला होता. त्यानं आकड्याची मूठ चाचपली आणि म्हणाला, मूठ सैल झालीय, दोरी गुंडाळून घ्या. 

ऊन उतरल्यावर घरी मोठं पातेलं काठोकाठ शिजलं. सासू त्या दिवशी जावयाला वाढताना थांबेचना. बायको अंडी सोलत होती आणि मधेच एखादं स्वतःच्या तोंडात टाकत होती. मग सासूनं नवऱ्याच्या ताटात एक डाव वाढला आणि त्यानं हात आडवा धरला.

"पुरे," म्हातारा म्हणाला. "मी काय, बसलेला माणूस. त्यांना वाढ."

जावयाचा घास हातातच राहिला. त्यानं सासऱ्याकडे नीट बघितलं. सदऱ्याचा गळा मानेपासून सुटून उभा होता. बाजूच्या शिवणी त्यानं स्वतः आत घेतल्या होत्या, एकदा नाही, दोनदा. टेप त्याच्याच हातात होती. आजारपण, वय, असं म्हणून तो मोकळा झाला होता. आपण चोरून शेंगा खात होतो तेव्हा हा माणूस तेवढंही करत नव्हता. बसल्या माणसानं पोटभर जेवायचं नाही, हे दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं आणि दोघंही ते पाळत होते. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की घास ताटात ठेवावा लागला.

तो उठला आणि सासूच्या हातातून डाव घेतला. जावयानं वाढायला उठणं त्या घरात कधी झालं नव्हतं. सासू बाजूला सरकली.

"मामा, मी आज पोतं उचललं," तो म्हणाला. "पण पोटभर जेवतोय केव्हापासून? तेव्हा मीही बसलेलाच होतो ना? मामींनी आधी वाढलं, म्हणून मग उचललं. नसतं उचललं तरी त्यांनी वाढलंच असतं."

 म्हाताऱ्याचा हात अजून आडवाच होता. जावई डाव धरून तसाच वाकून उभा राहिला. पोतं घेऊन उभं राहायची सवय झालेली होती, भाताचा डाव काय! मग पाठीत वाकलेल्या त्या माणसानं हळूच हात बाजूला घेऊन मांडीवर ठेवला. जावयानं एक डाव वाढला, दुसरा वाढला, डाळ ओतली, आणि दोन अंडी ठेवली. कुणी ती उचलून दुसऱ्या ताटात ठेवली नाहीत.

म्हातारा जेवायला लागला. आधी सावकाश, पाहुण्यासारखा. मग मान खाली घालून, टोळीतून परत आल्यावर जेवायचा तसा. सासू बघत होती, पण बघत नाही असं दाखवत चुलीशी काहीतरी सारत होती. ताट स्वच्छ झालं. म्हाताऱ्यानं बोटं चाटली, थोडा वेळ रिकाम्या ताटाकडे बघत बसला, आणि मग ते दोन बोटांनी पुढे सरकवलं.

"वाढ रे अजून," तो म्हणाला.

जावयानं पातेल्यात डाव घातला तर तो तळाला खणकन वाजला. पातेलं रिकामं झालं होतं. सासूनं वाकून आत बघितलं. इतक्या दिवसांत त्या पातेल्याचा तळ तिनं जेवणं चालू असताना बघितला नव्हता. ती घाईघाईनं उठली. बसा, कुणी उठू नका, आत्ता टाकते, म्हणाली आणि तांदूळ धुवायला घेतले.

कुणी उठलं नाही. भात रटरटायला लागला. दोघंही हात वाळवत रिकाम्या ताटांपुढे बसून राहिले, आणि म्हातारा जावयाला आकड्याची मूठ दोरीनं कशी गुंडाळायची ते सांगायला लागला.